थायरॉईडची ब्लड टेस्ट: रक्त कधी द्यायचं, कसं द्यायचं आणि रिपोर्ट कसा वाचायचा

मला थायरॉईडची गोळी सुरू होऊन ११ वर्षं झाली. एवढ्या वर्षांत किती वेळा सुई टोचून घेतली त्याचा हिशोब नाही, पण सगळे रिपोर्ट एका फाईलमध्ये तारखेप्रमाणे लावून ठेवलेत. ती फाईल पहिल्यापासून चाळली ना, की एक गोष्ट स्वच्छ दिसते, मधले तीन आकडे माझ्या थायरॉईडचे नव्हतेच, ते मी रक्त कसं आणि कधी दिलं त्याचे होते. एकदा गोळी घेऊन दोन तासांनी रक्त दिलं होतं, एकदा सकाळी जमलं नाही म्हणून भर दुपारी, आणि एकदा डोस बदलून जेमतेम तीन आठवडे झाले होते तेव्हा. तिन्ही वेळा काळजी केली, एकदा तर डोस पण बदलला गेला आणि दोन महिन्यांनी परत पहिल्यावर आणावा लागला. हे कुणी आधी नीट समजावून सांगितलं असतं तर बरं झालं असतं असं फार वाटतं, म्हणून आज बसून सगळं लिहितेय.

आधी हे समजून घ्या की रक्तात मोजतात काय. थायरॉईड ग्रंथी गळ्याच्या पुढच्या बाजूला असते, फुलपाखरासारखी. ती मुख्यतः टी४ नावाचं हार्मोन बनवते आणि थोडासा टी३, बाकीचा टी३ शरीर लिव्हर, किडनी वगैरे ठिकाणी टी४ पासूनच तयार करून घेतं. खरं काम करतो तो टी३. आणि टीएसएच, जो सगळ्यांना तोंडपाठ असतो, तो थायरॉईडमधून येतच नाही! तो येतो मेंदूच्या खाली असलेल्या वाटाण्याएवढ्या पिट्युटरी ग्रंथीतून. टीएसएच म्हणजे वरून थायरॉईडला येणारी हाक समजा. ग्रंथी सुस्त पडली, माल कमी यायला लागला की वरची हाक मोठी होते, माल जास्त व्हायला लागला की हाक बंद. म्हणून टीएसएच वाढला म्हणजे थायरॉईड कमी पडतंय, टीएसएच खाली गेला म्हणजे (बहुतेक वेळा) थायरॉईड जास्त झालंय. हे उलटं गणित डोक्यात बसलं की अर्धा रिपोर्ट तिथेच कळतो. ‘माझा थायरॉईड वाढलाय’ असं लोक म्हणतात तेव्हा बहुतेकदा टीएसएच वाढलेला असतो, म्हणजे हार्मोन कमी झालेला असतो, आणि ऐकणारा नेमका उलटा अर्थ लावतो.

सगळे डॉक्टर आधी टीएसएचच का बघतात याला पण कारण आहे. पिट्युटरी भलती संवेदनशील असते. फ्री टी४ (रक्तातला मोकळा टी४, त्याबद्दल पुढे सांगते) निम्मा झाला तर टीएसएच साधारण १०० पटीपर्यंत वर जाऊ शकतो. म्हणजे टी४ चा आकडा अजून नॉर्मलमध्ये दिसत असतो पण टीएसएचने कधीच ओरडायला सुरुवात केलेली असते. त्यामुळेच टीएसएच ३ चा ४ झाला, ४ चा साडेतीन झाला याने घाबरायचं काही कारण नाही, तेवढं वरखाली तर एकाच माणसाचं एकाच आठवड्यात होतं.

आता कुठली टेस्ट करायची. त्रास होतोय आणि पहिल्यांदाच चेक करताय तर टीएसएच पुरेसा असतो, सोबत फ्री टी४ सांगितला असेल तर चांगलंच. बऱ्याच पॅकेजमध्ये ‘थायरॉईड प्रोफाईल’ म्हणून टोटल टी३, टोटल टी४ आणि टीएसएच असं त्रिकूट येतं. यातला टोटल शब्द नीट बघा. रक्तातला ९९ टक्क्यांहून जास्त टी४ प्रोटीनला चिकटून फिरत असतो, त्या अवस्थेत तो काही कामाचा नसतो, मोकळा असतो तो अगदी किंचित आणि पेशींमध्ये जातो तो तेवढाच. टोटलमध्ये चिकटलेला आणि मोकळा दोन्ही मोजतात, फ्रीमध्ये फक्त मोकळा. प्रेग्नन्सीत किंवा इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना हे प्रोटीन वाढतं, मग टोटल टी४ वर गेलेला दिसतो आणि बाई मात्र ठणठणीत असते. म्हणून निवडायला मिळत असेल तर फ्री टी४ घ्या. फ्री टी३ चा उपयोग थायरॉईड जास्त झालंय का ते बघायला होतो, कमी असण्याच्या तपासात तो फारसं काही सांगत नाही कारण शरीर शेवटपर्यंत टी३ सांभाळून ठेवतं.

अँटी-टीपीओ नावाची अँटीबॉडीची टेस्ट असते, ती आपलीच प्रतिकारशक्ती थायरॉईडवर उलटली आहे का ते सांगते, म्हणजे हाशिमोटो. हाकारू हाशिमोटो या जपानी डॉक्टरने १९१२ मध्ये या आजाराचं वर्णन केलं म्हणून हे नाव. ही टेस्ट एकदा पॉझिटिव्ह आली की झालं, दर सहा महिन्यांनी परत परत करून अँटीबॉडी किती उतरल्या ते बघत बसायची गरज नसते, त्या आकड्यावर गोळीचा डोस ठरत नाही. थायरॉईड जास्त असेल तर ग्रेव्ह्ज (प्रतिकारशक्तीमुळेच थायरॉईड जास्त होण्याचा आजार) आहे का हे बघायला वेगळी अँटीबॉडी टेस्ट असते, ती डॉक्टर सांगतील तेव्हाच करा.

आता येतो सगळ्यात महत्त्वाचा भाग, रक्त देण्याआधीची तयारी. इथेच सगळा घोळ होतो.

पहिली गोष्ट वेळ. टीएसएच दिवसभर सारखा नसतो, मध्यरात्रीनंतर तो सगळ्यात वर असतो, सकाळपासून उतरत जातो आणि दुपारी सगळ्यात खाली. त्यामुळे सकाळी ८ ला दिलेलं रक्त आणि दुपारी ३ ला दिलेलं रक्त यांची तुलना करायचीच नाही. माझा दुपारचा आकडा छान आला होता, मी खूश झाले, पुढच्या वेळी सकाळी दिलं तर जास्त, मला वाटलं बिघडलं. बिघडलं काहीच नव्हतं. म्हणून एक वेळ ठरवून टाका, सकाळची असेल तर उत्तम, आणि दर वेळी तीच पाळा. रात्रपाळी करणाऱ्यांनी तर हे डॉक्टरांना आवर्जून सांगावं, कारण झोप उलटीपालटी झाली की टीएसएचचं चक्र पण सरकतं.

उपाशीपोटी जायचं का? या टेस्टला उपवास लागतोच असं नाही. पण खाल्ल्यानंतर टीएसएच थोडा उतरतो, आणि आकडा सीमेवर असेल तर तेवढ्याने इकडचं तिकडे होऊ शकतं. मी काय करते तर दर वेळी उपाशीच जाते, म्हणजे सगळे रिपोर्ट एकाच मापाने मोजल्यासारखे होतात. पाणी मात्र भरपूर प्या, पाणी प्यायल्याने टेस्ट बिघडत नाही आणि शीर पटकन सापडते.

गोळी. लेव्होथायरॉक्सिन (थायरॉईड कमी असल्यावर देतात ती टी४ ची गोळी) घेत असाल तर टेस्टच्या दिवशी आधी रक्त द्या, मग गोळी घ्या. गोळी पोटात गेली की २ ते ४ तासांत रक्तातला फ्री टी४ तात्पुरता वर उसळतो, आणि नेमकं तेव्हाच सॅम्पल दिलं तर डोस जास्त झाल्यासारखा दिसतो. टीएसएचवर एका गोळीने लगेच फरक पडत नाही, पण फ्री टी४ पण करणार असाल तर ही काळजी घ्याच. आणि याचा अर्थ दोन-चार दिवस आधीपासून गोळी बंद करायची असा अजिबात नाही! काही लोक ‘खरा थायरॉईड किती आहे ते बघूया’ म्हणून आठवडाभर गोळी सोडतात, मग टीएसएच वर जातो, डोस वाढवला जातो, आणि गोळी परत रोज सुरू झाल्यावर छातीत धडधड चालू. याच्या उलटं पण होतं, महिनाभर गोळ्या चुकवायच्या आणि टेस्टच्या आधी चार दिवस नेमाने घ्यायच्या. त्यात फ्री टी४ छान दिसतो पण टीएसएच वरच असतो, कारण त्याला मागच्या कित्येक आठवड्यांचं सगळं आठवत असतं. अशी जोडी दिसली की अनुभवी डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारतात, गोळ्या किती चुकल्या? खरं सांगा, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. खोटं सांगितलंत तर डोस चुकीचा ठरेल एवढंच.

डोस सुरू केल्यावर किंवा बदलल्यावर पुढची टेस्ट ६ ते ८ आठवड्यांनी. घाई करू नका. या औषधाचं अर्धं प्रमाण शरीरातून जायला साधारण ७ दिवस लागतात, त्यामुळे रक्तातली नवीन पातळी स्थिर व्हायलाच पाच-सहा आठवडे जातात, आणि पिट्युटरी त्याच्यानंतर शांत होते. मी तीन आठवड्यांत धावले होते, तो रिपोर्ट म्हणजे अर्ध्या वाटेतला फोटो होता. एकदा डोस बसला की वर्षातून एकदा, फार तर दोनदा, बास.

आणि आता बायोटिन, केसांच्या गोळ्यांमध्ये असतं ते व्हिटॅमिन. हे जरा सविस्तर सांगते कारण माझ्या धाकट्या बहिणीच्या बाबतीत घडलंय. तिचे केस खूप गळत होते म्हणून ती केसांसाठीच्या गोळ्या घेत होती, एका गोळीत १० मिलिग्रॅम बायोटिन. शरीराची रोजची गरज साधारण ३० मायक्रोग्रॅम असते, म्हणजे हे तीनशे पटीहून जास्त झालं. केस गळतात म्हणून डॉक्टरांनी थायरॉईड पण करून घ्या म्हटलं. रात्री पावणेदहाला तिचा फोन, रडवेला आवाज, ‘ताई, टीएसएच ०.०३ आलाय, फ्री टी४ वर बाण आहे, मला हायपर झालंय गं.’ हायपर म्हणजे थायरॉईड जास्त होणं. मी विचारलं वजन उतरलंय का, हात थरथरतात का, धडधड होते का, घाम येतो का. सगळ्याला नाही. मग म्हटलं काय काय गोळ्या घेतेस ते वाचून दाखव. ती डबीवरचं वाचत गेली आणि बायोटिन शब्द आला तिथे मी तिला थांबवलं.

होतं काय, की आपलं सॅम्पल मशीनमध्ये जातं तेव्हा तिथे टीएसएचला पकडणाऱ्या अँटीबॉडी असतात, आणि बऱ्याच मशीनमध्ये त्या अँटीबॉडीला बायोटिनचं शेपूट लावलेलं असतं. ते शेपूट स्ट्रेप्टाव्हिडिन नावाच्या प्रोटीनला घट्ट चिकटतं आणि त्यावरून मोजणी होते. आता रक्तातच बायोटिनचा पूर आलेला असेल तर चिकटायच्या जागा आधीच भरून जातात, अँटीबॉडी तशाच वाहून जातात, मशीनला वाटतं टीएसएच नाहीच. फ्री टी४ मोजायची पद्धत उलटी असते, तिथे सिग्नल कमी म्हणजे हार्मोन जास्त, त्यामुळे तो खोटाच जास्त दिसतो. म्हणजे बघा, एकाच गोष्टीने दोन्ही आकडे असे फिरतात की हुबेहूब ग्रेव्ह्जचं चित्र उभं राहतं. अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) २०१७ मध्ये याबद्दल जाहीर इशारा पण दिला होता. बहिणीने गोळ्या बंद केल्या, डॉक्टरांना सांगितलं, आठवड्याने परत रक्त दिलं, टीएसएच २.१. काहीच नव्हतं तिला.

म्हणून टेस्टच्या आधी किमान २ दिवस बायोटिन बंद, डोस मोठा असेल तर डॉक्टरांना विचारून त्याहून जास्त दिवस. केस, नखं, त्वचा यांच्यासाठीच्या गोळ्या आणि मल्टीव्हिटॅमिन या सगळ्यांचं लेबल वाचा, बायोटिनलाच व्हिटॅमिन बी७ किंवा व्हिटॅमिन एच पण म्हणतात.

बाकी औषधांचं थोडक्यात सांगते. अमिओडारोन, लिथियम, स्टेरॉईड, हेपॅरिन ही औषधं चालू असतील तर सॅम्पल द्यायच्या आधी नाही तरी रिपोर्ट दाखवताना नक्की सांगा. ती स्वतःच्या मनाने बंद मात्र करायची नाहीत. नुकताच आयोडीनचं डाय देऊन सीटी स्कॅन झाला असेल तर तेही सांगा. आणि ताप, मोठं इन्फेक्शन, हॉस्पिटलमध्ये ॲडमिट अशा काळात, डॉक्टरांनी मुद्दाम सांगितलं नसेल तर ही टेस्ट करूच नका. आजारपणात शरीर आपणहून टी३ खाली आणतं, टीएसएच पण इकडेतिकडे होतो, आणि बरे झाल्यावर सगळं जागेवर येतं. पूर्ण बरे होऊन काही आठवडे गेले की मग करा.

प्रत्यक्ष रक्त देणं अगदी सोपं आहे. दंडाला पट्टा बांधतात, कोपराच्या खोबणीतली शीर बघतात, ३ ते ५ मिली रक्त घेतात. बाटली बहुतेक वेळा पिवळ्या किंवा लाल झाकणाची. सुईची भीती असेल, चक्कर येत असेल तर आधीच सांगा, झोपवून पण घेतात. मी एक गोष्ट नेहमी करते, नळीवरच्या स्टिकरवर माझं नाव आणि वय बरोबर आहे का ते तिथल्या तिथे बघते, पाच सेकंद लागतात. नंतर ते रक्त अर्धा तास गोठू देतात, मग सेंट्रीफ्यूजमध्ये गरगर फिरवतात, गाठ खाली बसते आणि वर पिवळसर सीरम राहतं, टेस्ट त्याच्यावर होते. सुई काढल्यावर कापूस नीट दाबून धरा, हात दुमडू नका, नाहीतर काळंनिळं होतं.

आता रिपोर्ट. सगळ्यात आधी युनिट आणि बाजूला छापलेली रेंज बघा, इंटरनेटवरची नाही. मोठ्या माणसांत टीएसएचची रेंज साधारण ०.४ ते ४ च्या आसपास असते, मशीनप्रमाणे थोडा फरक पडतो. फ्री टी४ साधारण ०.८ ते १.८ नॅनोग्रॅम प्रति डेसीलिटर, पण काही ठिकाणी पिकोमोलमध्ये देतात आणि तिथे तोच माणूस १० ते २३ च्या रेंजमध्ये येतो, त्यामुळे एका रिपोर्टवर १.२ आणि दुसऱ्यावर १५ दिसलं तरी दोन्ही एकच आहेत. म्हणूनच शक्यतो दर वेळी एकाच लॅबमध्ये जा.

आकडे एकेकटे वाचू नका, जोडी वाचा. टीएसएच जास्त आणि फ्री टी४ कमी असेल तर थायरॉईड खरंच कमी पडतंय, उपचार लागतात. टीएसएच जास्त पण फ्री टी४ नॉर्मल असेल तर त्याला सबक्लिनिकल म्हणतात, म्हणजे ग्रंथीला ढकलावं लागतंय पण काम होतंय. इथे लगेच गोळी सुरू करायची घाई नसते, २-३ महिन्यांनी परत टेस्ट करतात, बऱ्याच जणांचा आकडा आपोआप खाली येतो. १० च्या वर राहिला तर सहसा गोळी देतात, ४ ते १० च्या मधल्यांचा निर्णय वय, त्रास, अँटी-टीपीओ, प्रेग्नन्सीचा विचार हे सगळं बघून होतो. वयस्कर माणसांचा टीएसएच तसाही थोडा वर असतो, त्यामुळे ८० वर्षांच्या आजीचा ५.५ आणि ३० वर्षांच्या मुलीचा ५.५ यांना एकाच तराजूत तोलू नका. टीएसएच अगदी कमी आणि फ्री टी४ किंवा टी३ जास्त म्हणजे हायपर, यात उशीर नको, डॉक्टरांकडे जा. आणि एक जोडी फसवी असते, फ्री टी४ कमी पण टीएसएच पण कमी किंवा नॉर्मल. इथे हाक मारणारीच थकलेली असू शकते, म्हणजे प्रॉब्लेम पिट्युटरीत. फक्त टीएसएच केला तर हे निसटून जातं, म्हणून लक्षणं जोरात आणि टीएसएच नॉर्मल असेल तर फ्री टी४ मागून घ्या.

प्रेग्नन्सीचं सगळंच वेगळं. पहिल्या तीन महिन्यांत एचसीजी हा प्रेग्नन्सीतला हार्मोन स्वतःच थायरॉईडला चालना देतो, त्यामुळे टीएसएच नेहमीपेक्षा खाली जातो आणि तिथली रेंज पण वेगळी लावतात. आधीपासून गोळी चालू असलेल्या बायकांना डोस बहुतेक वेळा वाढवावा लागतो, २५ ते ३० टक्के वगैरे, आणि तो लवकर वाढवावा लागतो कारण सुरुवातीचे महिने बाळ आईच्याच हार्मोनवर अवलंबून असतं. तेव्हा प्रेग्नन्सी टेस्ट पॉझिटिव्ह आली की त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा, पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका. नंतर पाचव्या महिन्यापर्यंत साधारण दर ४ आठवड्यांनी टीएसएच. आणि बाळ झाल्यावर त्याच्या टाचेतून थेंबभर रक्त घेऊन थायरॉईडची तपासणी करतात ती अजिबात चुकवू नका, जन्मतः थायरॉईड कमी असेल आणि पहिल्या दोन आठवड्यांत औषध सुरू झालं तर मूल व्यवस्थित वाढतं, उशीर झाला तर मेंदूवर होणारा परिणाम नंतर भरून काढता येत नाही.

माझ्या फाईलच्या पहिल्या पानावर मी एक तक्ता केलाय, तारीख, रक्त दिल्याची वेळ, लॅब, त्या वेळचा डोस, डोस बदलून किती आठवडे झाले, मागच्या महिन्यात किती गोळ्या चुकल्या, मग टीएसएच, फ्री टी४. डॉक्टर आधी तेच पान उघडतात आणि दोन मिनिटांत बोलणं मुद्द्यावर येतं. टेस्टच्या आदल्या रात्री गोळीची बाटली पर्समध्ये टाकून ठेवते, सोबत पाण्याची बाटली. रक्त दिलं, कापूस दाबून धरला, आणि तिथल्याच बाकावर बसून गोळी घेतली, की मग अर्धा-पाऊण तास थांबून नाश्ता.